माग सुटला, यादी उरली

पाच-सहा वर्षांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमधून माझी स्कूटर गेली. सकाळी सातला लक्षात आलं, साडेसातला मी पोलीस ठाण्यात हजर. ठाणे अंमलदारांनी पत्ता ऐकून घेतला आणि विचारलं, "नाल्याच्या अलीकडे की पलीकडे?" आमच्या इमारतीच्या मागून जो नाला जातो त्यावरून दोन ठाण्यांची हद्द जाते, हे तिथे दहा वर्षं राहूनही मला ठाऊक नव्हतं. आणि घोळ असा की इमारत अलीकडे, पण नाल्यावर स्लॅब टाकून केलेलं पार्किंग अर्धं पलीकडे. मी पलीकडच्या ठाण्यात गेलो. त्यांनी सगळं ऐकून पुन्हा अलीकडे धाडलं. अकराच्या सुमाराला कुठे तक्रार कागदावर उतरली. जागा पाहायला कुणी आलं नाही. हवालदारांनी मात्र जाता जाता धीर दिला, "काळजी करू नका साहेब. यादीवरचे दोघे-तिघे उचलतो, बघू काय निघतं."

हद्द आणि यादी. त्यातली हद्द गावच्या चावडीवरून आलेली आहे आणि ठाण्यातली संशयितांची यादी इंग्रजांच्या कचेरीतून. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे पोलीस नावाचं खातं कसं उभं राहिलं हे पाहताना मला सारखं वाटत राहतं, की हद्दीतला जो चांगला अर्थ होता तो आपण टाकला आणि यादी तेवढी जिवापाड जपली.

१८१८ साली पेशवाई बुडाली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज कमिशनरने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल कलकत्त्याला पाठवला. त्यात गावाच्या बंदोबस्ताचं वर्णन आहे. बंदोबस्ताला पाटील जबाबदार. त्याच्या हाताखाली गावचा रखवालदार; तो कुठे महार, कुठे रामोशी, कुठे मांग किंवा कोळी, खानदेशात भिल्ल जागल्या. चोरी झाली की रखवालदाराने माग काढायचा. पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेला आणि तिथल्या रखवालदाराची खात्री पटवली, की याचं काम संपलं. पुढचा माग त्याने काढायचा. असं एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर जात जात माग जिथे विरला, ते गाव चोरीच्या मालाच्या किमतीला बांधील. रखवालदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे भरपाई द्यायची, कमी पडेल ती गावावर वाटून घ्यायची.

म्हणजे हद्दीवरून घासाघीस तेव्हाही होत असणार. "माग तुमच्या शिवेत शिरलाय", "नाही, ओढ्यात उतरून मागे फिरलाय", असं दोन रखवालदार पहाटे शिवेवर उकिडवे बसून भांडत असतील, हे डोळ्यांसमोर येतं. फरक एवढाच, की ते भांडण जो हरेल त्याच्या खिशातून पैसे जायचे. माझ्या स्कूटरपायी दोन ठाण्यांत जी टोलवाटोलवी झाली, तिच्यात हरणाऱ्याला फक्त एक गुन्हा नोंदवावा लागला. भरपाई कुणीच देणार नव्हतं.

इथे थांबून एक सांगायला हवं, नाहीतर 'आमची गावगाड्याची व्यवस्था किती थोर' म्हणणारी मंडळी हा परिच्छेद उचलून नेतील. एल्फिन्स्टनने त्याच अहवालात लिहून ठेवलंय की रखवालदार अनेकदा स्वतःच चोर असायचा आणि पाटील वाट्यासाठी चोरांना थारा द्यायचा. जबाबदारीचा हा फास त्यासाठीच होता. पूर्ण भरपाई घेणं अन्यायाचं ठरेल हे कळत असल्याने ती क्वचितच सगळी वसूल व्हायची, बहुधा दंडावर भागायचं. शिवाय आधी भरायचं कुणी, तर ज्याच्या घरात उद्याचे दाणे नाहीत त्या महाराने किंवा मांगाने. खरंखोटं ठरवायला दिव्यं होती. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा आणि हात भाजला की खोटा. आणि कुणाचा शब्द किती वजनाचा, हे जातीवर ठरायचं. गाव आपला हिशेब आपण करत होतं, पण त्या हिशेबात सगळ्यांची बेरीज सारखी नव्हती.

शहरात तर असा हिशेबही नव्हता. घाशीराम कोतवाल पुण्याला १७७७ पासून चौदा वर्षं पुरला. १७९१ च्या ऑगस्टअखेरीस त्याच्या माणसांनी तेलंगी ब्राह्मणांच्या एका जमावाला पकडून चौकीत कोंडलं आणि सकाळी दार उघडलं तेव्हा आत एकवीस जण गुदमरून मेलेले होते. चिडलेल्या जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचलं. लोकांना त्याच्याकडे हिशेब मागायची दुसरी जागा नव्हती. (ज्या हुद्द्याच्या नावाने पुणं चळाचळा कापायचं, तो कोतवाल परवापरवापर्यंत तलाठ्याच्या हाताखालचा, तुटपुंज्या मानधनावर दवंडी देणारा माणूस होता. शब्दांचंही नशीब असतं.)

तेव्हा बदल हवा होता यात वाद नाही. वाद कोणता बदल आला, यावर आहे.

१८२९ साली रॉबर्ट पीलने लंडनचं पोलीस दल उभारलं. निळा डगला, हातात दंडुका, बंदूक नाही, गल्लीतून पायी गस्त. इंग्रजांनी आपल्याला काय दिलं म्हटलं की हे चित्र पुढे केलं जातं. पण आपल्या वाट्याला आलं ते लंडनचं नाही, आयर्लंडचं. आयर्लंड ही ताब्यात ठेवायची भूमी होती. तिथलं दल हत्यारबंद, बराकीत राहणारं, लोकांपासून अंतर राखणारं आणि वरून हुकूम घेणारं. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तोच साचा तिथे वापरला. मुंबई सरकारला तो आवडला आणि १८५० च्या दशकात इथल्या जिल्ह्यांतून पोलीस सुपरिटेंडेंट बसले. १८५७ नंतर तर प्रश्नच उरला नाही. १८६१ चा पोलीस कायदा आला तो त्या वणव्याच्या राखेतून.

आपल्याकडचे बहुतेक लेख 'आपण अजून १८६१ च्या कायद्यावर चालतो' असं ठोकून देतात. महाराष्ट्रापुरतं ते चूक आहे. मुंबई इलाख्याने आपली वेगळी वाट धरली होती: १८६७ मध्ये जिल्हा पोलिसांचा एक आणि गाव पोलिसांचा एक असे दोन कायदे, १८९० मध्ये सुधारलेला जिल्हा पोलीस कायदा, १९०२ मध्ये मुंबई शहराचा, आणि जिल्ह्याचा व शहराचा कायदा एकत्र करून १९५१ चा. हा १९५१ चा कायदा आज 'महाराष्ट्र पोलीस अधिनियम' या नावाने चालू आहे. वंशावळ वेगळी, पण नाकडोळे तेच. गावच्या पाटलाचा 'पोलीस पाटील' झाला. त्याचं काम उरलं वर बातमी देणं. गावाला तो कशाचंही देणं लागेनासा झाला. १८६७ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये, आपल्याच विधिमंडळाने केलेल्या ग्राम पोलीस कायद्यातही हे कळवण्याचं कर्तव्यच मुख्य राहिलं.

मुंबई शहराची गोष्ट जरा निराळी. १८७२ च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरात पाटलाच्या ओळखीपाळखीने काम भागणारच नव्हतं. १८५७ च्या सुमाराला शहराचे पोलीस सांभाळणारा चार्ल्स फोर्जेट हिंदुस्थानातच वाढलेला, मराठी-हिंदुस्तानी इथल्यासारखी बोलणारा, वेष पालटून गल्लीबोळ हिंडणारा. त्याच्यावर आपल्याकडे पुष्कळ रसभरीत लिहिलं गेलंय. १८५७ च्या ऑक्टोबरात दोन शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं गेलं, ते त्यानेच मिळवलेल्या बातमीवरून. कर्तबगार माणूस होता खरा. पण त्याची कर्तबगारी कुणाच्या कामी आली, हे चोरी झालेल्या भुलेश्वरच्या बाईला विचारायला हवं होतं.

खरा बदल गावाकडे झाला, आणि तो दोन माणसांमध्ये स्पष्ट दिसतो.

उमाजी नाईक हा पुरंदर भागातला रामोशी. पुरंदरची रखवाली वंशपरंपरेने रामोशांकडे होती. ती पेशवाईच्या अखेरीला त्यांच्या हातून सुटली आणि इंग्रजी अमलात परत आली नाही. रखवाली गेली म्हणजे वतन गेलं, आणि पोटही. उमाजीने बंड केलं. इंग्रजांनी त्याच्याशी काय केलं हे पाहण्यासारखं आहे. काही वर्षं पाठलाग करून हात टेकल्यावर १८२८ च्या सुमाराला त्याला माफी दिली आणि चक्क नोकरीवर घेतलं, तेही बंदोबस्ताच्या. ही जुनीच रीत होती. ज्याला वाटा ठाऊक, त्याच्याकडेच वाटेची राखण द्यायची. खानदेशात १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली तीही याच हिशेबाने. उमाजीने पुन्हा बंड केलं, पकडला गेला आणि १८३२ मध्ये त्याला पुण्यात फाशी झाली. पण इंग्रज त्याच्याशी एकदा तरी बोलणीला बसले होते.

आता १८७९. वासुदेव बळवंत फडक्यांच्या मागे पुन्हा रामोशीच होते. मधल्या पन्नास वर्षांत तार आली होती, रेल्वे आली होती, जिल्ह्याजिल्ह्यात सुपरिटेंडेंट बसले होते. या वेळी माफी नाही, बोलणी नाहीत, नोकरी तर नाहीच. इनाम लावलं, पाठलाग केला, जुलैमध्ये देवरनावडगीला पकडलं, एडनला धाडलं. फडके १८८३ मध्ये तिथेच गेले. त्यांचं नाव आपण पुस्तकात ठेवलं, ते योग्यच. त्यांच्यासोबतच्या रामोशांचं काय झालं? ज्यांच्या बापजाद्यांनी गावं राखली, ते आता ज्यांच्यापासून गाव राखायचं ते लोक झाले होते. राखणदाराचा संशयित झाला, हा माझ्या मते त्या शतकातला सगळ्यात मोठा बदल आहे.

याची तयारी ठगांपासून झाली होती. १८३६ च्या ठगीच्या कायद्याने एक विलक्षण गोष्ट केली. अमुक दिवशी अमुक माणसाला मारलं हे सिद्ध करायची गरज उरली नाही. ठगांच्या टोळीतला आहे एवढं ठरलं की जन्मठेप. आणि ते ठरवायचं कशावरून, तर माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्यावरून. एकदा ही फट पडल्यावर ती रुंदावत गेली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्यामागचा युक्तिवाद आपल्याच जातिव्यवस्थेकडून उसना घेतलेला होता: इथे सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगा चोर होणार. नोंदवही करा, हजेरी घ्या, परवान्याशिवाय गाव सोडू देऊ नका. साहेबाला जात कळली नाही असं आपण म्हणतो, पण इथे ती त्याला नेमकी सोयीपुरती कळली होती. आणि आपल्यातल्या उच्चवर्णीय शिकलेल्यांना हा युक्तिवाद खटकला नाही, कारण तो त्यांच्या परिचयाचाच होता.

हा कायदा आधी उत्तरेत लागला, १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यात आला. सोलापुरात काटेरी तारांच्या आत वसाहत उभी राहिली. तो भाग आजही 'सेटलमेंट' याच नावाने ओळखला जातो. रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हणा, बरोबर सोडेल. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कायदा रद्द झाला. मग १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि नोंदवहीचं फक्त मुखपृष्ठ बदललं.

शतकाच्या सुरुवातीला आपण धुळीतलं पाऊल पाहत होतो, शेवटी शाईतलं बोट पाहू लागलो. एडवर्ड हेन्रीने १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं दफ्तर सुरू केलं. वर्गीकरणाची डोकेफोड अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांची, नाव मात्र हेन्रीचं. १९०१ मध्ये तीच पद्धत स्कॉटलंड यार्डात गेली. ठसा निरपराधालाही सोडवतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण पाऊल सांगतं की इथे काहीतरी घडलं आणि घडवणारा त्या दिशेला गेला. दफ्तरातला ठसा काहीही घडायच्या आधी घेऊन ठेवलेला असतो. कोणाचा घेऊन ठेवायचा हे आधी ठरतं, आणि ते ठरवताना पावलाकडे कुणी पाहिलेलं नसतं.

गुन्हे वाढले की नाही, हा प्रश्न इतिहासाच्या चर्चेत नेहमी निघतो. मला तो थोडा भाबडा वाटतो. १८७८ मध्ये वनकायदा आला आणि त्याच साली मुंबईचा आबकारी कायदा. सरपणाची मोळी गुन्हा झाली. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहवा कायदा आला. मोहाची फुलं जवळ बाळगण्यावर बंधनं घातली. मार्चअखेरीला पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचून टोपलीत भरणारी कातकरी बाई, आदल्या वर्षी जे करत होती तेच करता करता, गुन्हेगार झाली. तिने काही बदललं नव्हतं. सरकारला दारूवरचा महसूल बदलायचा होता. अशा हजारो टोपल्या जमेस धरल्या की 'गुन्ह्यांचं प्रमाण' चढतंच. उलट पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकाराची कर्जखतं जाळली, तेव्हा माणसांवर फारसा हात उचलला नाही, कागद नेमके जाळले. त्याच्यावर मात्र पलटण गेली आणि गावात पोलिसांच्या चौक्या बसल्या.

असं सगळं असलं तरी त्या शतकातली एक गोष्ट मला कुणी काढून घ्यायला आलं तर मी सोडणार नाही. १८५५ मध्ये मद्रासच्या छळ आयोगाने पोलीस आणि महसुली नोकर कबुली कशी काढतात याचा उघडानागडा अहवाल दिला. त्यातून १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये एक ओळ आली: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. यामागे साहेबाचा 'नेटिव्ह' शिपायाविषयीचा तुच्छभाव होता, हे मान्य. पण ढाल कुणी कोणत्या मनाने घडवली यापेक्षा ती कुणाच्या छातीवर आहे ते महत्त्वाचं. दीडशे वर्षं ती ओळ कोठडीतल्या माणसाच्या छातीवर आहे. चकमकीत कुणी मारला गेला की फटाके फोडणाऱ्यांना आज तीच अडचणीची वाटते.

१ जुलै २०२४ ला दंडविधान, प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा बदलले. गुलामीच्या खुणा पुसल्या असं मोठ्या आवाजात सांगितलं गेलं. कलम २५ नव्या साक्ष अधिनियमात कलम २३ म्हणून टिकलं, हे बरं झालं. हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यावा, हेही नव्या संहितेत स्पष्ट लिहिलं गेलं. त्याचं मी माझ्या नाल्यापोटी मनापासून स्वागत करतो. पण खुणा होत्या कुठे? दंडविधानातली चोरीची व्याख्या काही गुलामीची नव्हती. गुलामी होती ती दलाच्या ठेवणीत. शिपाई वरच्याला उत्तर देतो, वरचा त्याच्या वरच्याला, आणि सगळ्यात वर मंत्रालय. ज्याच्या घरी चोरी झाली, तो या शिडीवर कुठल्याच पायरीला नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात या ठेवणीला हात घालायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण आणलं. आपल्या विभागात ते कुठे बसतं, असं ओळखीच्या दहा जणांना विचारून पाहा.

माझी मागणी फार क्रांतिकारक नाही. माग जिथे सुटेल तिथलं कुणीतरी देणं लागावं. गावाने वर्गणी काढून भरपाई द्यावी असं मी म्हणत नाही. ते परत आणलं तर आधी पुन्हा गरिबाचीच कणगी उघडली जाईल. पण तपास न लागलेल्या चोरीचा हिशेब ठाण्याने वर्षातून एकदा त्या हद्दीतल्या लोकांपुढे उभं राहून द्यावा: किती तक्रारी आल्या, किती नोंदवल्या, किती जागांना भेट दिली, कितींचा माल परत गेला. आणि यादीवरचं प्रत्येक नाव कोणत्या सिद्ध झालेल्या गुन्ह्यामुळे तिथे आहे, हे त्या नावासमोर लिहावं. लिहिता येत नसेल तर नाव खोडावं. पोलीस मित्र म्हणतील की मनुष्यबळ नाही, बंदोबस्तातच वर्ष जातं, गणपती आटोपले की नवरात्र आणि मग निवडणुका. ते खोटं नाही. बंदोबस्त हे मुख्य काम आणि चोरी हे फावल्या वेळचं, ही वाटणीही त्या आयरिश साच्यातलीच.

स्कूटर सोळाव्या दिवशी सापडली. एसटी स्टँडच्या मागे, पेट्रोल संपेपर्यंत कुणीतरी फिरवून सोडून दिलेली. एक आरसा गायब, बाकी धडधाकट. कोर्टाचे कागद करून ताबा घ्यायला गेलो तेव्हा तेच हवालदार भेटले. चांगला माणूस, चहा मागवला. मी विचारलं, त्या दोघांचं काय झालं?

"कोणत्या?"

"यादीवरच्या. उचलतो म्हणाला होतात."

"ते होय. सोडलं की तिसऱ्या दिवशी," ते म्हणाले. "पारधी वस्तीवरची पोरं. काही निघालं नाही त्यांच्याकडे. यादीवर आहेत अजून."